बिऱ्हाड हलतंय आणि पिल्लं अजून ऊब मागतायत

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या वाचक पुण्यात राहतात. त्या आणि त्यांचे पती नोकऱ्या सोडून भोर तालुक्यात, सासरच्या गावी, घरच्या सव्वा एकरावर कायमचे राहायला निघाले आहेत. सामान १२ जूनला हलणार. गावी गेल्याबरोबर काहीतरी हाताशी असावं म्हणून त्यांनी टर्कीची एक दिवसाची २५ पिल्लं आधीच आणली आणि फ्लॅटच्या मागच्या खोलीत वाढवायला घेतली. २२ मे रोजी पत्र लिहिताना पिल्लं १७ दिवसांची होती आणि १९ उरली होती. चार चौथ्या-पाचव्या दिवशी गेली, दोन लाईट गेलेल्या रात्री चेंगरून. पती म्हणतात, देऊन टाकू कुणाला तरी. सासूबाई म्हणतात, "आणा इकडं, माझ्या कोंबड्यांत सोडू, मोकळ्या हवेत आपसूक धरतील." घरची शेंगदाण्याची पेंड पोत्यांत आहे, ती खाऊ घालून नाताळात पक्षी विकावेत आणि तो गावातला पहिला पैसा व्हावा, असं त्यांचं गणित आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : "पिल्लं मागे ठेवून गेले तर जायच्या आधीच हरल्यासारखं वाटेल. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक १९ पिल्लांचा आहे. दुसरा, शहर सोडायचा निर्णय बरोबर होता का, हा. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे बऱ्यापैकी आहे. दुसऱ्याचं तुमचं तुम्हाला गावात दोन-तीन पावसाळे काढल्यावर मिळेल. पण ते उत्तर देण्याचं ओझं तुम्ही या पिल्लांच्या अंगावर टाकलंय, आणि त्यामुळे साध्या गोष्टीही तुम्हाला अवघड दिसतायत. "हरल्यासारखं" हा शब्द पिल्लांच्या हिशेबातून काढून टाकला, तर उरतं ते तारखा, ऊब, कोरडी जमीन आणि खाद्य. आपण त्याचंच बोलू.

आधी गेलेल्या पिल्लांविषयी, कारण तुम्ही तीन वेळा लिहिलंय की एसीची हवा लागली असेल, माझंच चुकलं. चौथ्या-पाचव्या दिवशी गेलेली चार पिल्लं बहुधा एसीने गेली नाहीत, भुकेने गेली. खाद्याने भरलेलं भांडं समोर असताना टर्कीचं पिल्लू उपाशी मरू शकतं. अंड्यातून बाहेर येताना पोटात बलकाचा साठा असतो, तो दोन-तीन दिवस पुरतो. तेवढ्या वेळात चोच खाद्यावर आणि पाण्यावर पडली नाही, तर पिल्लू मलूल होतं आणि मान टाकतं. कोंबडीचं पिल्लू घटकाभरात शिकतं, टर्कीच्या पिल्लाला शिकवावं लागतं. माझ्या पहिल्या खेपेला मला हे कुणी सांगितलं नव्हतं. भांड्यात हात घातला की पिल्लं धावत यायची आणि टोच मारायची ती माझ्या हिरव्या बांगडीवर. पुन्हा पुन्हा, फक्त बांगडीवर. त्यांना चकाकतं ते दिसतं, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी मुलाच्या डब्यातल्या काचेच्या गोट्या धुऊन पाण्याच्या भांड्यात टाकल्या. गोट्यांना टोचता टोचता चोच पाण्यात बुडली आणि पिल्लं पाणी प्यायला लागली.

तुमची पिल्लं ही पायरी ओलांडून गेली आहेत, पण ज्यांच्याकडे उद्या पिल्लं येणार आहेत त्यांनी एवढं लिहून ठेवा. पहिले पंधरा दिवस दर दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं बारीक किसून खाद्यावर भुरभुरायचं. पाण्यात लिटरला १०० मिली दूध घालायचं, आणि असं पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं, नाहीतर नासतं. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक पिल्लू हातात घेऊन चोच पाण्यात बुडवायची. २५ पिल्लांना वीस मिनिटं लागतात. पायाखाली वर्तमानपत्र नको, त्यावर पाय फाकतात आणि पुढे सरळ होत नाहीत. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुस्सा घाला.

चेंगरलेल्या दोघांबद्दल. माझ्याकडे एका जानेवारीत रात्री दोनला लाईट गेली. मी पिल्लं लाकडी चौकोनी खोक्यात ठेवली होती. सकाळी सगळी एका कोपऱ्यात ढिगाने होती. वरची ठणठणीत, उबदार. खालची अकरा चपटी झालेली. एकेक उचलताना वरचं पिल्लू अजून गरम लागत होतं आणि खालचं गार, ते मी अजून विसरले नाही. तेव्हापासून माझ्याकडे कोपरा नाही. पत्र्याची दीड-दोन फूट उंचीची पट्टी गोल वळवून रिंगण करायचं. मोठ्या खोलीत चारी कोपऱ्यांत पुठ्ठा किंवा पत्रा वळवून लावायचा. मिट्ट अंधारातही ती बिथरतात, म्हणून रात्री बारीक दिवा हवा, आणि तो इन्व्हर्टरवर हवा. लाईट गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवायची नाही. त्या धुरातला विषारी वायू पिल्लांनाही मारतो आणि राखण करणाऱ्या माणसालाही.

आता सासूबाईंच्या सल्ल्याकडे येते. पत्रातला सर्वांत प्रेमाने दिलेला सल्ला तोच आहे, आणि सर्वांत घातक ठरेल असाही तोच.

सासूबाईंनी आयुष्यभर गावरान कोंबड्या पाळल्यात. खुडूक कोंबडी कधी बसवायची, पिल्लं केव्हा डालग्यातून काढायची, घार कुठल्या वेळी फिरते, हे त्यांना कळतं तेवढं तुम्हा-मला दहा पुस्तकं वाचून कळणार नाही. पण त्यांचं सगळं ज्ञान कोंबडीचं आहे. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो, हेटेरॅकिस. त्याच्या अंड्यांतून हिस्टोमोनास नावाचा जंतू पसरतो. कोंबडी हे दोन्ही पोटात घेऊन खुशाल हिंडते, तिला बहुतेक वेळा काही होत नाही. टर्कीच्या पोटात गेलं की यकृत सडतं. विष्ठा गंधकासारखी पिवळी होते, पक्षी पंख पाडून उभा राहतो आणि काही दिवसांत जातो. याला ब्लॅकहेड म्हणतात. त्या जंताची अंडी विष्ठेतून मातीत पडतात आणि वर्षानुवर्षं जिवंत राहतात. गांडुळं ती खातात, आणि टर्कीला गांडूळ दिसलं की ती सोडत नाही. म्हणजे कोंबड्या दुसरीकडे नेऊन बांधल्या तरी त्यांचं जुनं अंगण टर्कीसाठी बाधितच राहतं. कळपात लागण पसरल्यावर आपल्या हातात फारसं काही राहत नाही, म्हणून सगळी राखण आधीच करायची.

हे सासूबाईंना कसं सांगायचं, याची तुम्हाला खरी काळजी असणार, जरी तुम्ही ती लिहिलेली नाही. नवी सून, शहरातून आलेली, आणि आल्या आल्या म्हणते तुमच्या कोंबड्यांना रोग आहे. असं म्हणू नका, कारण ते खरंही नाही. त्यांच्या कोंबड्या निरोगी आहेत. असं सांगा, "आई, कोंबडी पचवते ते टर्कीला पचत नाही. जात वेगळी आहे. म्हणून हिची जागा वेगळी लागते." आणि लगेच त्यांना एक काम द्या, ज्यात त्यांचा हात तुमच्याहून तयार आहे. रोज सकाळी जाळीतून एकदा बघून कुठलं पिल्लू नेहमीसारखं नाही ते सांगायचं. मलूल पक्षी त्यांना तुमच्या आधी दोन दिवस दिसेल. फक्त कोंबड्यांकडून आलेली चप्पल टर्कीच्या दाराबाहेर राहू दे आणि आत घालायचा जोड वेगळा असू दे.

चपलांचं मी गावासाठीही सांगते. तुमच्याकडे गाव बघायला येणार, हे धरून चाला. १६१२ साली मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून एक टर्की जहांगीर बादशहाकडे नेली, तेव्हा बादशहाला तिचं एवढं अप्रूप वाटलं की डोक्या-गळ्याचे रंग सरड्यासारखे पालटतात, हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आणि दरबारी चित्रकार मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. चारशे वर्षांनी भोरच्या गावातल्या पोरांनाही तेच वाटेल. येऊ द्या, दाखवा, पण जाळीबाहेरून. प्रत्येकाच्या घरी कोंबड्या आहेत आणि प्रत्येकाच्या पायाला त्या अंगणातली माती आहे.

"मोकळ्या हवेत आपसूक धरतील" यातला दुसरा भाग पावसाचा. १२ जूनला तुमची पिल्लं साडेपाच आठवड्यांची असतील. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. सहाव्या आठवड्याच्या आसपास ती खोलीच्या हवेवर राहू शकतात. म्हणजे उबेचा प्रश्न तोवर संपत आलेला असेल. ओलीचा मात्र तेव्हाच सुरू होईल. मृगाचा पाऊस, भोरकडचा वारा, आणि पिसं अजून पुरती न भरलेला पक्षी. भिजलेलं पिल्लू गारठतं, खाली पसरलेल्या तुसाच्या ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. डोक्यावर आणि गळ्यावर लाल मण्यांसारखे उंचवटे दिसायला लागले, की पक्षी तगला असं जुने पाळणारे म्हणतात. ते आठव्या-दहाव्या आठवड्यात दिसतात. तोवर बाहेर नाही, आणि भर पावसात तर त्यानंतरही नाही.

मग करायचं काय? तुमच्यापुढे तीन वाटा आहेत असं तुम्हाला वाटतंय : न्यायची, द्यायची, किंवा जाणं पुढे ढकलायचं. तिसरी मी लगेच बाद करते. दीड महिन्याच्या १९ टर्की फ्लॅटच्या खोलीत राहणार नाहीत. शेजारी गप्प बसले तरी तिथली हवा त्यांना सोसणार नाही.

न्यायची असतील तर एका अटीवर न्या : पिल्लांची खोली तुमच्या घराच्या आधी तयार झाली पाहिजे. तुम्ही लिहिलंय की जुन्या घरात धान्याची एक खोली आहे, दहा बाय दहा, कोबा केलेली. मला पत्रातली ही सर्वांत आशेची ओळ वाटली. सिमेंटची जमीन, कोंबड्यांचा पाय न लागलेली, छप्पर गळत नसलेलं. पाच ते सोळा आठवड्यांच्या पक्ष्याला अडीच चौरस फूट जागा पुरते, म्हणजे १९ पक्ष्यांना पन्नासएक. तुमच्याकडे शंभर आहे. पतींना ३० मेच्या आत दोन दिवस गावी पाठवा. खोली झाडून, चुना मारून, खिडक्यांना अर्ध्या इंचाची जाळी ठोकून घ्यायची. दाराखालची फट पत्र्याने बंद करायची, कारण घूस आणि मुंगूस तिथूनच येतात. भाताच्या गिरणीतून तूस आणून चार बोटं जाडीची गादी घालायची, पण वास घेऊन. कुबट वासाचं तूस परत करा. उबेचे दिवे लावून एक रात्र तिथेच झोपायचं. लाईट किती वेळा जाते, पाऊस झाला तर पाणी कुठून आत येतं, हे त्या एका रात्रीत कळेल. पती म्हणतात देऊन टाकू, त्यामागे मला पिल्लांचा कंटाळा दिसत नाही. घर हलवण्याची सगळी धावपळ त्यांच्या डोक्यावर आहे आणि त्यात हे आणखी एक, असं ते म्हणतायत. त्यांना ठरलेल्या तारखेचं ठरलेलं काम मिळालं, तर कदाचित तेच तुमच्याहून जास्त उभे राहतील.

५ जूनपर्यंत ती खोली तयार झाली नाही, तर पिल्लं द्या. आधीपासून टर्की पाळणाऱ्या कुणाला तरी द्या, फुकट नको, ठरवून. आणि पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर, आठ-दहा आठवड्यांचे तयार पक्षी विकत घ्या. मीसुद्धा एकदा अर्धी खेप अशी दिली आहे. दुसऱ्याच्या अंगणात ती मोठी झालेली पाहिली तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

खाद्याचं काळजीपूर्वक वाचा. टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला २८ टक्के प्रथिनं लागतात, आणि तुम्ही देताय ते अंड्यांच्या कोंबडीचं खाद्य त्याच्या आसपासही नाही. दोन पिल्लांचे पाय लटपटतात असं लिहिलंय, त्याचं कारण इथे असू शकतं. टर्कीचं वेगळं खाद्य मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर ब्रॉयलरचं अगदी सुरुवातीचं खाद्य आणि त्यावर अंडं. पण दुकानदाराला विचारून घ्या, त्यात सॅलिनोमायसीन आहे का. ब्रॉयलरला हगवण होऊ नये म्हणून ते घालतात आणि टर्कीला ते बाधतं. "असेल, काही होत नाही" असं उत्तर आलं तर पिशवी घेऊ नका.

आणि घरची पेंड नको. मला माहीत आहे, ती तुमच्याच शेंगांची आहे आणि पोती भरलेली आहेत. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पिल्लं पटापट मेली आणि कुणाला रोगच सापडेना. शेवटी धागा लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. तिला बुरशी होती आणि बुरशीत विष होतं. अफ्लाटॉक्सिन हे नाव जगाला त्या पिल्लांमुळे कळलं. टर्की या विषाला फार हळवी आहे. पावसाळी हवेत पोत्यात राहिलेली पेंड बाहेरून चांगली दिसली तरी या वयाच्या पिल्लांना घालू नका.

नाताळचं गणित वाण विचारल्याशिवाय मांडू नका. रुंद छातीचे जड वाण साडेतीन-चार महिन्यांत विक्रीला येतात. तुमची पिल्लं त्या वाणाची असतील तर ती सप्टेंबरमध्येच तयार होतील. तिथून नाताळपर्यंत तीन-साडेतीन महिने ती नुसतं खातील, आणि मोठी टर्की खाते तेव्हा पैसे दिसतात. हलका, सावकाश वाढणारा वाण असेल तर नाताळ जमेल. पिल्लं दिली त्या माणसाला आजच फोन करून विचारा. आणि विकत घेणारे आधी शोधा. पुण्या-मुंबईत, वसईत, गोव्यात नाताळला टर्की खाणारी घरं आहेत, पण ती आपल्या दारात येत नाहीत. पाच गिऱ्हाइकांचा होकार ऑगस्टपर्यंत मिळाला नाही, तर पहिला पैसा टर्कीचा नसेल, भाजीचा असेल, आणि त्यानेही घर चालतं.

लस राहिली. पक्ष्यांच्या देवी रोगाची लस चौथ्या-पाचव्या आठवड्यात द्यायची असते, ती २ ते ५ जूनच्या दरम्यान पुण्यातच द्या, म्हणजे प्रवासाआधी आठवडा मोकळा जाईल. पावसाळ्यात देवी डासांमुळे पसरते, म्हणून ती चुकवू नका. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, सहाव्या आठवड्यातली लस गावी पोचून पाच-सहा दिवस झाल्यावर, पिल्लं खायला-प्यायला रुळल्यावर. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पती ३० मेच्या फेरीतच ओळख करून येऊ देत. २००६ साली देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नवापूरला. काही विपरीत दिसलं तर लपवू नका, पहिला फोन दवाखान्याला करा.

सामानाच्या टेम्पोत पिल्लं घालू नका. सामान १२ तारखेला जाऊ दे, पिल्लं १४-१५ला न्या, तुमची चूल पेटल्यावर. गाडी स्वतंत्र असू दे आणि पहाटे निघा, ऊन किंवा पाऊस व्हायच्या आत कात्रज, कापूरहोळ मागे पडायला हवं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पाच खोक्यांत चार-चार पिल्लं, तळाला तूस. निघायच्या आधी तासभर पाणी ठेवा, खाद्य थोडंच. खिडकीचा वारा थेट खोक्यावर नको.

पोचल्यावर दिवे आधी लावा, मग पिल्लं आत न्या. एकेक हातात घेऊन चोच पाण्यात बुडवा, पहिल्या दिवशी करतात तसंच. गोट्या बरोबर घ्या. मग दार लोटून बाहेर ओसरीवर अर्धा तास बसा, सासूबाईंना जवळ बसवा आणि दोघी नुसतं ऐका. तीक्ष्ण, एकसारखं ओरडणं येत असेल तर आत गारठा आहे, दिवा चार बोटं खाली घ्या. बारीक, लहरत जाणारा किलबिलाट येत असेल तर उठा आणि सामान लावायला घ्या.